नेरिसबाईंचा बटाट्यांचा प्रसंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि वेस्ट पेल्टनच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे प्रमुख माननीय वेंडेल लापॉइंटसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या श्रीमती नेरिस बेवन, त्यांच्या शेजारी बसलेले आमचे निर्माते रँडल स्पिवाकसाहेब, पहिल्या रांगेत बसलेले आमचे कलाकार मार्गोताई आणि हॉलिसकाका, कॅमेरावाले, दिवेवाले, रंगभूषेच्या बायका, ट्रक चालवणारे माझे सगळे दोस्त, आणि ज्यांनी अख्खा हिवाळा आपल्या अंगणात आमच्या तारा, आमचे ट्रक आणि आमचा आरडाओरडा सोसला ते या गावचे समस्त नागरिक हो,

माझं नाव एमरी फॉन्टनो. मला भाषणाची सवय नाही. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, एक जुनी गाडी घेतली आणि लुईझियानातून जो निघालो तो अजून कुठे टेकलेला नाही. अशा माणसाला पोटापाण्याचं काम एकच मिळू शकतं, आणि ते मला मिळालं. मी चित्रणासाठी जागा शोधतो. म्हणजे दिवसभर भटकायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा. माझी आई म्हणते, "हे काम तुझ्यासाठीच काढलं असणार कुणीतरी, दुसऱ्या कुणाला ते काम वाटणार नाही."

तर रँडलसाहेब मला म्हणाले, नेरिसबाईंना सगळ्यात जास्त गाडीतून तू हिंडवलंस, तूच बोल. आणि थोडक्यात बोल. पहिलं मी करतो, दुसऱ्याचं वचन देत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी आमच्या मालिकेत काम केलं. कुणी गर्दीत उभं राहिलं, कुणी खाणीत प्रेत म्हणून पडून राहिलं. थंडीत इतका वेळ न हलता पडून राहिल्याबद्दल बर्निस आजींचं मी इथे खास कौतुक करतो. पण ही मालिका मूळची कुणाची, हे कदाचित सगळ्यांना ठाऊक नसेल. 'छपराखाली' ही मालिका नेरिसबाईंनी वेल्समध्ये लिहिली. पाटीच्या दगडाची खाण, खाणीखाली एक गाव, गावात एक खून, आणि तो कुणी केला ते शोधणारी एक पोलीसबाई. सहा भाग. सहाही एकटीनं लिहिले. तिकडे ती लागली तेव्हा म्हणे लोक लग्नाच्या तारखा पुढे ढकलत होते.

आता आपल्या अमेरिकेतली रीत तुम्हाला माहीत आहे. ब्रिटनमध्ये एखादी गुन्ह्याची मालिका गाजली रे गाजली, की आपली माणसं विमानात बसतात आणि ती विकत घेऊन येतात. मग सहाचे तेरा भाग होतात. खुनी तेवढाच राहतो, संशयित दुप्पट होतात. तिकडचा पोलीस बसची वाट बघतो, आपला बर्फातून गाडी पळवतो. तिकडच्या नटाचे दात वाकडे असतात, आपल्या नटाचे... मार्गोताई, तुम्हाला नाही म्हणत मी. आणि मालिका लागली की ज्यांनी मूळची पाहिलेली असते ते मान हलवून म्हणतात, "मूळची ती मूळची." ज्यांनी पाहिलेली नसते तेसुद्धा म्हणतात. मीही म्हणत होतो. जगात टीका करायला एवढं सोपं दुसरं काही असेल का?

पण मला विचाराल तर, या गावाइतकं कुणी हे समजू शकणार नाही. तुमच्या पणजोबांपैकी निम्मे वेल्समधून इथे दगड फोडायला आले. नेरिसबाई आल्या त्या आठवड्यातच मी त्यांना दफनभूमीत घेऊन गेलो होतो, तिथे एका दगडावर बेवन आडनाव निघालं. बाई म्हणाल्या, "बघ पोरा, इकडे विकली गेलेली बेवन मी पहिलीच नव्हे." त्यावर आम्ही दफनभूमीत हसलो, आणि शेजारच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलेल्या बाईंनी आमच्याकडे जसं पाहिलं ते मी विसरणार नाही. त्या बाई इथे असतील तर माफ करा.

मुद्दा काय होता? हं. बटाटे.

मूळ मालिकेच्या शेवटी एक प्रसंग आहे. पोलीसबाईला कळलेलं असतं, की गावातल्या मुलीचा तो खून तिच्या म्हाताऱ्या काकानंच केला. ती एकटी त्याच्या घरी जाते. तिकडच्या पोलिसाकडे पिस्तूल नसतं हे तुम्हाला माहीत आहे. म्हातारा स्वयंपाकघरात सुरीनं बटाटे सोलत बसलेला असतो. बायको आजारी, तिच्या रात्रीच्या जेवणासाठी. पोलीसबाई काही बोलत नाही. खुर्ची ओढते, दुसरी सुरी घेते आणि त्याच्याबरोबर बटाटे सोलायला लागते. पातेलं भरतं. दोघं हात धुतात. म्हातारा कोट घालतो आणि म्हणतो, "चला." बस, एवढंच. या प्रसंगात दुसरा शब्द नाही. तिकडे लोक आजही त्याबद्दल बोलतात.

हा प्रसंग आला कुठून? एकदा खाणीकडे जाताना बाईंनी मला सांगितलं. त्यांचे वडील गावचे पोलीस होते. बाई लहान असताना एका संध्याकाळी ते उशिरा घरी आले आणि न जेवता झोपले. बाईंच्या आईनं त्यांच्या बाहीवर पाहिलं तर बटाट्याचा पांढरा चीक वाळलेला. दुसऱ्या दिवशी गावाला कळलं, की शेजारच्या माणसानं आपल्या भावाला मारलं होतं आणि वडील त्याला चालत चौकीवर घेऊन गेले होते. तो माणूस आणि वडील एका शाळेतले. वडिलांनी त्या संध्याकाळबद्दल मरेपर्यंत अवाक्षर काढलं नाही. जे कळलं ते त्या बाहीवरून. बाई मला म्हणाल्या, "वडील काम करताना कसे होते, याचं माझ्याकडे एवढंच आहे. एक डाग. बाकी मी मनानं लिहिलं."

आता आपल्याकडे काय झालं पाहा.

वाहिनीच्या लोकांनी हा प्रसंग वाचला आणि रँडलसाहेबांना फोन केला. साहेबांनी फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवला. पलीकडचे गृहस्थ आवाजावरून सज्जन वाटत होते. ते म्हणाले, "रँडल, खुन्याच्या हातात सुरी आहे. तिच्या कमरेला पिस्तूल आहे. आणि ती बसून भाजी चिरते?"

"बटाटे सोलते," साहेब म्हणाले.

"आमचा प्रेक्षक विश्वास ठेवणार नाही. तिला ओरडू दे, त्याला पळू दे. खाण आहे ना तुमच्याकडे? खाणीत पळू दे."

नेरिसबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांचं पद होतं 'सल्लागार', म्हणजे सल्ला द्यायचा आणि कुणी घ्यायचा नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "रँडल, तू खुनी बदल, गाव बदल, माझ्या पोलीसबाईला घटस्फोट दे. दिलास, मी बोलले नाही. हा प्रसंग काढलास तर मालिकेवरून माझं नाव काढ."

साहेबांचा चेहरा पडला. साहेब, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही ही मालिका वाहिनीला त्याच नावावर विकली होती. मूळ लेखिकेनंच नाव काढून घेतलं तर लागायच्या आधीच वर्तमानपत्रं तिचं तेरावं घालणार. आणि प्रसंग ठेवला तर वाहिनी ती मध्यरात्रीच्या अडगळीत टाकणार. साहेब मला बाहेर नेऊन म्हणाले, "एमरी, तुझं ऐकते ती. समजाव."

"मी काय समजावू? मला जागा शोधता येते."

"मग तिला एखादी जागा दाखव, जिथून ती हो म्हणेल."

शेवटी असं ठरलं, की आधी बाईंचा प्रसंग जसाच्या तसा करून पाहायचा. जमला तर वाहिनीला दाखवायचा, नाही तर खाणीतला पाठलाग. जागा मी हेरून ठेवलीच होती. अध्यक्षमहोदय, तुमच्या आत्याचं घर. मी तिथे रस्ता चुकून पोचलो होतो. आत्यांनी मला आत घेऊन सफरचंद भरून भाजलेला 'पाय' खायला घातला, वर चीजचा तुकडा, आणि मग विचारलं, "कोण तू?" खिडकीतून दगडाच्या चुऱ्याचा डोंगर दिसतो. मी खाता खाता म्हटलं, हेच ते स्वयंपाकघर.

तालीम सुरू झाली. हॉलिसकाका टेबलाशी, हातात सुरी, समोर बटाटे. मार्गोताई दारातून आल्या. काकांनी वळून पाहिलं आणि मार्गोताईंचा हात पिस्तुलाकडे गेला.

"थांबा," ताई म्हणाल्या. "चुकलं. पुन्हा."

पुन्हा आल्या, पुन्हा हात गेला. दोष त्यांचा नव्हता. या भूमिकेसाठी त्यांनी पोलिसांना पिस्तूल शिकवणाऱ्या एका खऱ्या शिक्षकाकडे मन लावून धडे घेतले होते. खोलीत माणूस, माणसाच्या हातात पातं, म्हणजे हात कुठे जायला हवा, ते त्यांच्या हाडात उतरलं होतं. दिग्दर्शकांनी म्हटलं, पिस्तूल घरी विसरून आलात असं समजा. हात रिकाम्या कमरेकडे गेला. हॉलिसकाका म्हणाले, "बाळ, तू मला मारणार असशील तर एकदा मारून टाक. दरवेळी नवा बटाटा घ्यावा लागतोय." सगळे हसले. ताई मात्र रडायच्या बेतात आल्या. नेरिसबाई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या पाहू." आणि मला म्हणाल्या, "मला कुठेतरी ने."

मी गाडी काढली. बाई रागात होत्या, आणि रागात त्यांना बोलायला लागतं. मी ऐकत होतो, आणि ऐकताना माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड होतो. मागे पोलिसांच्या गाडीचा निळा दिवा लागला.

मी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. वर, दिसतील असे. आणि तेवढ्यात माझ्या शेजारचं दार उघडलं. नेरिसबाई उतरून त्या पोलिसाच्या दिशेनं चालत निघाल्या होत्या. तोंडभर हसू, एक हात पिशवीत.

"अहो, चूक माझी आहे हो. मीच त्याला बोलण्यात गुंतवलं..."

"बाई, आहात तिथे थांबा. हात बाहेर. हात दिसू द्या मला."

"अहो, पेपरमिंट काढतेय."

मी आरशात पाहत होतो. वळून पाहायची माझी छाती नव्हती. मी समोर बघत ओरडलो, "नेरिसबाई, हात वर करा. तो सांगेल तसं करा. काहीही काढू नका." मी त्यांच्याशी असा कधी बोललो नव्हतो. त्यांनी हात वर केले. पेपरमिंटची पुडी रस्त्यावर पडली.

पोलीस तरुण होता. माझ्याएवढाच असेल. त्यालाही धाप लागली होती. तो जवळ आला, पुडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"वेल्स."

"तिकडे असं उतरून पोलिसाकडे चालत जातात?"

"बसून राहिलं तर उद्धट म्हणतात," बाई म्हणाल्या.

त्यानं पुडी उचलून त्यांच्या हातात दिली. मला म्हणाला, "हळू चालव, आणि यांना परत उतरू देऊ नकोस." दंडही केला नाही. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्याचे काका इथे अग्निशमन दलात आहेत आणि मघापासून माझ्याकडे बघताहेत.

तो निघून गेला. बाई गाडीत बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"पोरा, गेला तो."

"हो."

"मग हात?"

माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते. मला काढायचे होते, ते निघत नव्हते. बाईंनी विचारलं, "असं धरायला कुणी शिकवलं?"

"आईनं. गाडी शिकवायच्या आधी हे शिकवलं. किल्लीसुद्धा दिली नव्हती तेव्हा."

"आणि तिला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझ्या मामाला ठाऊक नव्हतं, तो घरी परत आला नाही, म्हणून ती शिकली."

माझ्यासारख्या काळ्या पोराला हे घरोघरी शिकवतात, पण तुमच्यातही किती जणांनी आपल्या मुलांना हेच सांगितलंय, हे आत्ता हलणाऱ्या मानांवरून मला दिसतंय. आम्ही बराच वेळ तिथे थांबलो. बाईंनी दोन पेपरमिंट काढल्या, एक स्वतः खाल्ली आणि एक माझ्या तोंडात घातली. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या कमरेला शिट्टी होती, एमरी. फक्त शिट्टी. हे मी लक्षातच घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आत्यांच्या स्वयंपाकघरात. नेरिसबाईंनी मार्गोताईंना जवळ बोलावलं. "काल मी तुला छळलं. आज तो हात अडवू नकोस, जाऊ दे."

रँडलसाहेब चरकले. "म्हणजे गोळी झाडायची?"

"गोळी नाही. हात जाईल. मग तिला तो परत आणायचाय. आपला आपण. लागेल तेवढा वेळ लागू दे." मग त्या हॉलिसकाकांकडे वळल्या. "तिचा हात दिसला की तुम्ही सुरी खाली ठेवा. दोन्ही हात टेबलावर, पालथे. ती म्हणेपर्यंत उचलायचे नाहीत."

काका म्हणाले, "आणि बटाटे? घरात बायको उपाशी आहे माझी."

"ती सोलेल."

"कोण, मार्गो? तिला सोलता येतात का पण?"

"नाही येत," मार्गोताई म्हणाल्या.

"मग उत्तम," नेरिसबाई म्हणाल्या.

जे झालं ते तुम्ही पडद्यावर पाहालच. मी दारामागे उभा होतो, मी काय पाहिलं एवढंच सांगतो. ताईंचा हात गेला. काकांनी तो पाहिला. सुरी टेबलावर ठेवली, हात पालथे टाकले. आणि मग कितीतरी वेळ त्या खोलीत कुणीच हललं नाही. तो हात कमरेवरून निघेना. मला ते कसं होतं ते माहीत होतं. शेवटी ताईंनी तो ओढून काढावा तसा काढला, खुर्चीवर बसल्या आणि काकांची सुरी उचलली. सोलायला लागल्या. जाड जाड सालं, निम्मा बटाटा सालीतच. काकांचे हात तिथेच, टेबलावर. ते एकदाच बोलले, आणि ते कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, "डोळे काढ त्याचे. तिला डोळे आवडत नाहीत." ताईंनी बटाट्याचे डोळे काढले. पातेलं भरलं. ताई म्हणाल्या, "आता उचला हात." काकांनी उचलले, आणि टेबलावर घामाचे दोन पंजे राहिले.

दिग्दर्शक थांबा म्हणायलाच विसरले. आत्या दारातून म्हणाल्या, "आता ते उकडणार कोण?" मग आम्ही भानावर आलो. ते बटाटे त्या रात्री याच सभागृहात तुम्ही खाल्ले, लोणी घालून. अनेकांनी विचारलं होतं, बटाटे इतके वेडेवाकडे का. हे त्याचं कारण.

रँडलसाहेबांनी प्रसंग वाहिनीला पाठवला. दोन दिवस ते जेवले नाहीत. मग फोन आला. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "खाणीतला पाठलाग केला नाहीत ना अजून? करू नका." एवढंच. वाहिनीच्या माणसाकडून याहून मोठं कौतुक होत नाही, असं मला जाणकारांनी सांगितलं. मालिका चालेल का? पुढच्या वर्षी आपण पुन्हा इथे येऊ का? मला माहीत नाही. 'मूळची ती मूळची' म्हणणारे म्हणणारच आहेत.

पण साहेबांना खरी काळजी वेगळीच होती. फोन आला त्या संध्याकाळी ते आत्यांच्या ओसरीवर नेरिसबाईंसमोर उभे राहिले. टोपी हातात होती. प्रामाणिक माणूस आहे हो. ते म्हणाले, "नेरिस, मला तुला फसवायचं नाही. हा तुझा प्रसंग राहिलेला नाही. तिच्याकडे पिस्तूल आहे. दोघं मिळून सोलत नाहीत. तो 'चला' म्हणत नाही. तुझ्या वडिलांचं यात काही उरलं नाही. तू नाव काढायला सांगितलंस तर मी काढतो. कुरकुर करणार नाही."

बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी समोरच्या दगडाच्या डोंगराकडे पाहिलं. मला वाटलं, आता हो म्हणणार.

त्या म्हणाल्या, "माझे वडील तिथे पोलीस होते, म्हणून त्यांनी सुरी उचलली. ते इथे पोलीस असते, तर त्यांना आधी स्वतःचा हात खाली आणावा लागला असता. मला वाटतं, त्यांनी आणला असता." मग म्हणाल्या, "नाव राहू दे, रँडल."

नेरिसबाई, या गावाच्या वतीनं आणि आम्हा सगळ्या भटक्यांच्या वतीनं मी तुमचे आभार मानतो. अध्यक्षांचे, आत्यांचे, स्वयंपाक करून आणणाऱ्या घराघरांचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाच्या काकांचा, आत्यांचा किंवा दातांचा उल्लेख झाला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते माझ्या अडाणीपणाच्या खात्यावर टाकून मोठ्या मनानं सोडून द्यावं. थोडक्यात बोल असं सांगितलं होतं, तेही जमलं नाही.

मालिका लागेल तेव्हा शेवटची नावं सुरू होताच कुणी उठू नका. बाईंचं नाव सगळ्यांच्या आधी आहे, आणि त्याखाली त्यांनी स्वतः सांगून एक नाव घालून घेतलंय. इव्हान बेवन, पोलीस शिपाई.